गणेशखिंडीची बाग एकच आहे : राज्यपाल महोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. राज्यपाल, महाराष्ट्र राज्य,
तथा कुलपती, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी

विषय : गणेशखिंड येथील जुन्या गव्हर्नर बंगल्याच्या बागेचा इतिहास आणि तिची एकत्र निगा

महोदय,

सविनय नमस्कार.

मी सांगोला तालुक्यातली डाळिंब बागायतदार. आमच्याकडे पाऊस बेताचा आणि जमीन हलकी. अशा माळावर डाळिंबाने घरे उभी केली, पोरे शिकवली. हे डाळिंब कुठून आले, याचा माग काढत गेले की वाट राहुरीवरून पुण्याला येते आणि गणेशखिंडीत, आपल्याच पदाच्या जुन्या निवासस्थानाच्या बागेत थांबते. ही गोष्ट ठाऊक असलेला माणूस मला आमच्या भागात क्वचित भेटतो आणि पुण्यात तर त्याहून क्वचित. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि सर्वांना वाचता यावे म्हणून उघड लिहिते आहे.

आपल्याला लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. ही बाग आज तीन तुकड्यांत वाटली गेली आहे. एक तुकडा पुणे विद्यापीठाकडे, एक कृषी विद्यापीठाच्या संशोधन केंद्राकडे आणि एक खुद्द राजभवनाकडे. दोन्ही विद्यापीठांचे कुलपती आपण आणि राजभवनही आपले. या तिन्ही तुकड्यांवर ज्याचा शब्द चालतो, अशी राज्यात ही एकच खुर्ची आहे.

गोष्ट गणेशखिंडीच्याही आधी, दापोडीपासून सुरू होते. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर पावसाळ्याचे महिने पुण्यात काढत असे. १८२८ साली गव्हर्नर सर जॉन माल्कम याने त्यासाठी दापोडीचा बंगला घेतला. तो बंगला होता फोर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा. हा फोर्ड पेशव्यांच्या कवायती पलटणीचा प्रमुख होता आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत तीच पलटण घेऊन तो इंग्रजांना जाऊन मिळाला. ती लढाई याच गणेशखिंडीच्या माळावर झाली. दुसरे बाजीराव पर्वतीवरून ती पाहत होते. ज्या माळावर मराठी राज्य बुडाले, त्याच माळावर पुढे लाटसाहेबाचा बंगला उठला, हे तिथून जाताना माझ्या मनातून जात नाही.

दापोडीच्या बंगल्याला लागून माल्कमने सरकारी वनस्पती उद्यान सुरू केले. १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन नावाचा डॉक्टर त्याचा प्रमुख झाला. औषधी झाडे लावून सरकारी दवाखान्यांना पुरवायची, बाहेरून आलेल्या भाज्यांचे आणि फळझाडांचे बी वाटायचे, असे ते काम होते. कोकणात जंगल तुटते तिथे झरे आटतात, हे सरकारला बजावणाऱ्या पहिल्या माणसांत तो होता. पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक तोच झाला. १८४७ ते १८५० या काळात त्याने बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. ती चित्रे आज स्कॉटलंडमध्ये, एडिनबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. काढणारा चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढेच सांगितले जाते. त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. पाना-फुलाचा देठन्‌देठ ज्याने इतक्या बारकाईने रंगवला, तो माणूस निनावी राहिला. हीच कहाणी या बागेत पुन:पुन्हा घडलेली दिसते, म्हणून ती इथे मुद्दाम सांगितली.

१८६० नंतर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीत गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याने गणेशखिंडीत नव्या बंगल्याचे काम काढले. आराखडा जेम्स ट्रबशॉचा. ऐंशी फुटी मनोरा असलेली ती इमारत १८७१ च्या सुमारास पुरी झाली. तोवर तेजी कधीच ओसरली होती, आणि या उधळपट्टीवर इंग्लंडच्या पार्लमेंटात टीका झाली. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत ती हीच.

दापोडीची बाग मोडून वनस्पती उद्यान गणेशखिंडीत आले. स्थापनेचे साल १८७३ दिले जाते. जॉर्ज मार्शल वुड्रो याच्या हाती ते आले आणि इथून बागेचा खरा काळ सुरू होतो. वुड्रो पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवू लागला, पश्चिम भारताच्या वनस्पतींची त्याने नोंद केली, पण त्याचा जीव आंब्यात होता. इलाख्यातल्या आंब्याच्या जाती त्याने गोळा केल्या, लावल्या, आणि १९०४ साली त्यावर पुस्तक लिहिले. १८८९ साली पुण्याहून अमेरिकेच्या शेती खात्याला आंब्याची कलमे गेली. त्यांतले मलगोबाचे एक झाड फ्लोरिडातल्या कडाक्याच्या थंडीतून वाचले. त्याच्या कोयीतून ‘हेडन’ ही जात निघाली आणि फ्लोरिडाची आंब्याची बागायत तिच्यावर उभी राहिली. आज अमेरिकेच्या बाजारात दिसणाऱ्या कित्येक आंब्यांच्या वंशात हे पुण्याहून गेलेले रक्त आहे.

ही कलमे बांधायची कशी, ते आमच्यासारख्यांना सांगावे लागत नाही, पण पत्र शहरातले लोकही वाचतील म्हणून लिहिते. त्या काळी चालत असे ते भेटकलम. कोयीपासून वाढवलेले रोप कुंडीसकट मातृवृक्षापाशी न्यायचे. फांदी उंच असेल तर बांबूचा मांडव घालून कुंडी तिच्या उंचीला चढवायची. मग रोपाच्या खोडाची आणि फांदीची बोटभर लांब साल लाकडासकट पातळ तासायची, दोन्ही जखमा एकमेकींवर नेमक्या बसवायच्या, आणि सुतळीने करकचून बांधून वरून शेण-मातीचा लेप द्यायचा. फांदी झाडावरच असते, रोपाची मुळे कुंडीत असतात. दोन-तीन महिने कुंडीला रोज पाणी घालायचे. एक दिवस चुकला आणि रोप सुकले की सगळी मेहनत पाण्यात. सांधा जुळला, की फांदी खालून हळूहळू, दोन-तीन वेळा चिरा देत तोडायची, एकदम नाही. अशी कलमे बांधणारे, मांडवावर चढून झारीने पाणी घालणारे, पाखरे हाकणारे शेकडो हात या बागेत राबले. वुड्रोचे नाव राहिले. त्या माळ्यांची नावे हजेरीपत्रकांत असतील, आणि सरकारी दप्तर जपून ठेवण्यात इंग्रजांचा हात कुणी धरला नव्हता.

बंगल्याच्या बाजूने पाहिले तर सारा थाट परका होता. २२ जून १८९७ ला इथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी झाली. पुण्यात प्लेगच्या नावाखाली घरे फोडली जात होती, बायाबापड्यांना रस्त्यावर आणून तपासले जात होते, आणि इकडे दिव्यांची आरास. मेजवानीहून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्या रस्त्याने जाणाऱ्याला हे ठाऊक असते. पण त्याच कुंपणाच्या आत, त्याच सरकारच्या पगारावर, शेतकऱ्याच्या उपयोगाचे काम मुकाट चालले होते, हेही ठाऊक असायला हवे. बंगल्याचा इतिहास साहेबांचा आहे. बागेचा इतिहास आमचा आहे, असे मी मनापासून मानते.

आता मूळ मुद्द्याकडे येते.

विसाव्या शतकात या उद्यानाचे फळ संशोधन केंद्र झाले आणि डॉ. जी. एस. चीमा तिथे काम करू लागले. लखनौहून आणलेल्या पेरूच्या बियांची रोपे त्यांनी वाढवली आणि १९२७ साली त्यांतून एक झाड निवडले. ते ‘लखनौ ४९’. आपण आज सरदार म्हणून खातो तो पेरू. द्राक्षात पांढरी साहेबीच्या रोपांतून त्यांनी ‘चीमा साहेबी’ निवडली. बिनबियांचे द्राक्ष येण्याआधी नाशिककडच्या मांडवांवर तिचा मान होता. आणि १९३६ साली आळंदी जातीच्या डाळिंबाच्या रोपांतून त्यांनी एक झाड बाजूला काढले.

आळंदी डाळिंब चवीला बरे, दाणा लाल, पण बी कडक. चावली की दाताखाली कचकच. चीमांनी निवडलेल्या झाडाची बी मऊ होती आणि फळे भरपूर लागत. त्या झाडाला नाव पडले ‘जीबीजी-१’. गणेशखिंड बोटॅनिकल गार्डन, क्रमांक एक. १९७० साली त्याचे ‘गणेश’ असे बारसे झाले, आणि महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यात डाळिंबाची शेती पसरली ती या गणेशवर. पुढे राहुरीच्या कृषी विद्यापीठात गणेशचा संकर गुल-ए-शाह रेड या लाल वाणाशी केला गेला. त्यातून मृदुला आली, त्यातूनच भगवा आला. आज सांगोला, आटपाडी, मालेगाव, सटाणा, कुठल्याही बागेत जा, भगव्याशिवाय बोलणे नाही. परदेशी जाणारे डाळिंब तेच. म्हणजे आमच्या प्रत्येक झाडात निम्मे रक्त गणेशखिंडीचे आहे.

आणि इथेच काळजीचीही गोष्ट आहे. डाळिंब आम्ही बियांपासून लावत नाही, गुटी बांधतो. पेन्सिलीएवढी फांदी घ्यायची, इंचभर साल गोल काढायची, ओले शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिक बांधायचे. महिना-दीड महिन्यात पांढरी मुळे प्लास्टिकमधून दिसू लागतात. मग फांदी कापून पिशवीत लावायची. रोप आईसारखे हुबेहूब येते, म्हणून आम्हाला ते हवे असते. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की हजारो एकरांवर एकाच झाडाच्या नकला उभ्या आहेत. तेल्या रोग आला की सगळ्यांना सारखाच चावतो. मर रोग लागला की ओळीच्या ओळी वाळतात. बागा उपटून बांधावर पेटवलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. उद्या नवा वाण काढायचा तर शास्त्रज्ञाला जुने, वेगळे, कडक बियांचे, आंबट, बाजारात न खपणारे असे सारे डाळिंब हाताशी हवे. आंब्याचे तेच, पेरूचे तेच. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी गोळा केलेली झाडे जिथे एका जागी उभी आहेत, ती जागा म्हणजे आमची पुढची तरतूद आहे. ती रस्त्याकडेची हिरवळ समजून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ साली, पुणे विद्यापीठ सुरू झाले. बाळासाहेब खेरांचे सरकार होते, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. लाटसाहेबाचा बंगला आणि चारशे एकरांहून अधिक आवार विद्यार्थ्यांना मिळाले. राज्यकर्त्याने आपले घर विद्येला द्यावे, ही फार मोठी गोष्ट होती आणि तिच्याबद्दल मला अभिमान आहे. राजभवन त्याच आवाराच्या उरलेल्या भागात राहिले. फळ केंद्र शेती खात्याकडून कृषी विद्यापीठाकडे गेले. एका तुकड्यावर सावित्रीबाईंचे नाव आहे, दुसऱ्यावर जोतीरावांचे. फुलांचा आणि बागायतीचा धंदा करणाऱ्या घराण्यातले जोतीराव, शेतकऱ्याच्या दुःखावर आसूड ओढणारे जोतीराव, या बागेला त्यांचे नाव लाभावे यापरते योग्य काय असेल!

पण भावाभावांत शेत वाटले तरी विहीर सामाईक ठेवतात. इथे तसे काही सामाईक उरलेले मला दिसत नाही. विद्यापीठातली गोरखचिंच आणि जुने वड, राजभवनातली जुनी झाडे, फळ केंद्रातले आंबे हे एकाच बागेचे भाग आहेत, पण त्यांचा हिशेब तीन दारांत आहे.

२०२० साली राज्य सरकारने गणेशखिंड उद्यानाला जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. क्षेत्र सुमारे ३३ हेक्टर. २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली असा दर्जा देता येतो. ज्यांनी त्यासाठी पाठपुरावा केला, त्यांचे आम्ही शेतकरी ऋणी आहोत. पण दर्जा मिळाला तो एका तुकड्याला. त्याच वर्षी विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल पाडले गेले, पुढे मेट्रोचे खांब आले, गणेशखिंड रस्ता रुंद होत गेला आणि रस्त्याकडेची जुनी झाडे कमी होत गेली. पुण्याची वाहतूक कशी तुंबते ते मी भोगले आहे. मेट्रोला माझा विरोध नाही. माझे म्हणणे एवढेच, की या जुन्या आवारातली एक फूटही जागा कुठल्या कामाला देण्याआधी तिथे काय उभे आहे हे कागदावर असले पाहिजे. ज्या झाडाची नोंदच नाही, ते तोडताना कुणाचा हात थांबणार?

म्हणून पहिली मागणी नोंदीची. तिन्ही आवारांत मिळून झाडांची एकच वही करा. प्रत्येक जुन्या झाडाची जात, घेर, जागा, अंदाजे वय आणि आजची तब्येत. हे काम करायला माणसे बाहेरून आणावी लागणार नाहीत. एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्राची मुले आहेत, दुसऱ्यात उद्यानविद्येची. दोघांना एकत्र बसवण्याचा अधिकार आपला आहे. आंब्याची ओळख पटवायला मात्र जुने माळी सोबत घ्या. पानाचा वास घेऊन जात सांगणारी माणसे अजून आहेत, ती आहेत तोवर हे उरका. आणि वही झाली की ज्या जातीचे एकच झाड उरले आहे, तिची कलमे त्याच पावसाळ्यात बांधून तिन्ही आवारांत, आणि एक संच राहुरीला, असा लावा. म्हातारे झाड वादळात पडायला एक रात्र पुरते.

दुसरे, दप्तर. दापोडी आणि गणेशखिंड या दोन्ही बागांचे अहवाल, पत्रव्यवहार, रोपे कुठून आली आणि कुठे गेली याच्या याद्या सरकारी पुराभिलेखांत शोधून त्यांच्या प्रती लोकांना वाचायला खुल्या कराव्यात. त्यात माळ्यांची हजेरीपत्रके सापडली, तर ती आधी छापा. कोणाच्या पणजोबांनी ही झाडे लावली हे पुणे-खडकी-औंध-बोपोडीच्या घराघरांत कळू दे. एडिनबरोच्या चित्रांच्या चांगल्या प्रती मागवून मुख्य इमारतीत कायमच्या मांडता येतील. राजभवनातून गेलेल्या पत्राला तिकडून उत्तर येईल, माझ्या पत्राला येणार नाही.

तिसरे, लोकांना आत येऊ द्या. दिल्लीत राष्ट्रपती भवनाची बाग दरवर्षी ठराविक दिवस लोकांसाठी उघडते आणि देशभरातून माणसे येतात. मुंबईच्या राजभवनातही नोंदणी करून लोकांना जाता आले आहे. गणेशखिंडीत माघ-फाल्गुनात आंबा मोहोरतो तेव्हा आठवडाभर तिन्ही आवारे एकाच वाटेने जोडून दाखवा. फुलांच्या ताटव्यांपेक्षा इथे दाखवण्यासारखे वेगळे आहे : हा आंबा कोणत्या गावाहून आला, हा पेरू कोणत्या साली निवडला, भेटकलम कसे बांधतात, गुटी कशी फुटते. शहरातल्या पोरांना डाळिंबाचे झाड केवढे असते तेही ठाऊक नसते. आणि आमच्याकडच्या पोरांना, जी शेती सोडून पुण्याला पळायला बघतात, त्यांना हे दाखवणे मला जास्त गरजेचे वाटते. आपल्या पिकाचा जन्म कुणाच्या दयेतून झाला नाही, चिकाटीच्या निवडीतून झाला, हे त्यांनी झाडापाशी उभे राहून पाहावे.

वारसा स्थळाचा दर्जा बाकीच्या दोन तुकड्यांतल्या जुन्या झाडांनाही मिळावा, यासाठी जैवविविधता मंडळाकडे प्रस्ताव जायला हवा. तो आपल्या सहीने गेला, तर फायलीला वेग येईल. राजभवनाचे स्वतःचे आवार आपण आधी त्यात घातलेत, तर दोन्ही कुलगुरूंना वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि एक विनंती, जिला ठराव लागत नाही, निधीही लागत नाही. विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोर, जिथे पदवी घेतलेली मुले फोटो काढतात, तिथे एक गणेश डाळिंब, एक सरदार पेरू आणि चीमा साहेबीचा एक वेल लावा, आणि खाली मराठीत साल आणि हकीकत लिहा. भगव्याच्या लाटेतही आमच्या बांधाकडेला गणेशची काही झाडे मी राखली आहेत. येत्या मृगात त्यांच्या गुट्या तयार असतील. सांगोल्याहून कलमे आम्ही घेऊन येतो, खड्डाही आम्हीच खणतो. जागा तेवढी आपण दाखवावी.

आपली नम्र,
एक डाळिंब बागायतदार
सांगोला, जि. सोलापूर